अकरावी कॉमर्स: मॅथ्स घ्यावं की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस)? (लेकीसाठी सल्ला हवा)

शेवंती
नमस्कार मंडळी. लेक यंदा दहावी झाली. स्टेट बोर्ड, सेमी-इंग्लिश, ८७ टक्के. गणितात मात्र १०० पैकी ६८. कॉमर्सला जायचं तिचं तिनेच ठरवलंय, त्यावरून घरात वाद नाही. इंग्रजी, बीके (बुककीपिंग), ओसी (वाणिज्य संघटन), इको (अर्थशास्त्र) हे तर आलंच, दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घेणार आहे. घोडं अडलंय सहाव्या विषयावर.

हे म्हणतात मॅथ्स सोडलं की पुढची दारं बंद. धाकटे दीर म्हणतात वहिनी, एसपी घेऊ द्या, पाठांतर करेल आणि नव्वद काढेल. लेक म्हणते सीए करायचंय (सहा महिन्यांपूर्वी रेडिओवर आरजे व्हायचं होतं, त्यामुळे मी त्यावर फार विसंबत नाही). गणिताची तिला धास्तीच आहे. प्रिलिमला भूमितीच्या पेपरात स्पर्शिकेची रचना इतक्या वेळा खोडली की कागदाला भोक पडलं. कुणी दोन्हीकडचं पाहिलेलं असेल तर सांगा.

रात्रपाळी
मॅथ्स. डोळे झाकून.

शेवंती
डोळे झाकून घ्यायचं नाही म्हणून तर विचारतेय हो 🙂

पाढेवाला_मास्तर
ताई, मी ज्युनियर कॉलेजला कॉमर्सच्या पोरांना गणित शिकवतो. आधी एक सांगा, ६८ मध्ये बीजगणित किती आणि भूमिती किती? मार्कशीटवर वेगळे दिसत नाहीत, पण शाळेतल्या प्रिलिमचे पेपर घरात असतील तर काढून बघा.

विचारायचं कारण असं. दहावीला ४०-४० चे दोन पेपर आणि २० अंतर्गत, त्यातला अख्खा एक पेपर भूमितीचा. कॉमर्सच्या अकरावीच्या पुस्तकात प्रमेयं नाहीत, कंपासपेटी लागत नाही, त्रिकोणमितीसुद्धा नाही. भूमितीचं म्हणाल तर बिंदुपथ आणि सरळ रेषा हा एक धडा, तोही समीकरणांनी सोडवायचा. बाकी संच, फलन, श्रेढी, निश्चयक, लिमिट, थोडं डेरिव्हेटिव्ह (एक गोष्ट बदलली की दुसरी किती वेगाने बदलते ते काढणं). दुसऱ्या भागात सगळं संख्याशास्त्र, क्रमचय-संचय, संभाव्यता आणि व्यापारी गणित. बारावीला मॅट्रिक्स, इंटिग्रेशन येतं, आणि दुसऱ्या भागात कमिशन, विमा, अ‍ॅन्युइटी, निर्देशांक, कुणाला कोणतं काम दिलं तर खर्च कमी येईल अशी गणितं. सायन्सवाल्यांचं पुस्तक वेगळं. त्यात अकरावीला त्रिकोणमिती, बारावीला सदिश, प्रतल सगळं असतं. शेजारपाजारचे लोक ‘अकरावीचं मॅथ्स फार जड’ म्हणतात ते बहुतेक त्या पुस्तकाबद्दल.

डेरिव्हेटिव्हची भीती घालतात तर तेही बघा. लाडवाचे डबे विकायचे आहेत. भाव ६० ठेवला तर २० डबे जातात, गल्ल्यात १२००. भाव ४० केला तर ३० जातात, तरी १२००च. मग भाव किती ठेवावा? एक डबा जास्त खपवायला भाव दोन रुपयांनी उतरवावा लागतो, म्हणून डबे क्ष धरले तर भाव १०० − २क्ष, गल्ला १००क्ष − २क्ष². डेरिव्हेटिव्ह १०० − ४क्ष, ते शून्य धरलं की क्ष २५. म्हणजे भाव ५० आणि गल्ला १२५०. तिला हे एवढंच कागदावर दाखवा. चेहरा कसा होतो ते बघा आणि मग ठरवा. दहावीच्या ६८ वरून ठरवू नका.

आता दुसरी बाजू. दर वर्षी माझ्या वर्गात आठ-दहा पोरं अशी असतात की बापाने ‘दारं बंद’ म्हणून बसवलेलं असतं. ती सप्टेंबरपर्यंत वही काढतात, दिवाळीनंतर मागच्या बाकावर जातात. या विषयाला रोज तासभर हात चालवावा लागतो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकायचा हा विषय नव्हे. त्याची तयारी नसेल तर खुशाल एसपी.

डबल_एन्ट्री
मी सीएची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) करतोय, म्हणून सीएपुरतं सांगतो. बारावीला मॅथ्स नसेल तरी सीए करता येतं, मॅथ्स हवंच अशी अट कुठेच नाही. पण फाउंडेशनचा, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेचा, तिसरा पेपर क्वांटिटेटिव्ह अ‍ॅप्टिट्यूड आहे, १०० मार्कांचा. त्यात ४० बिझनेस मॅथ्स, २० लॉजिकल रीझनिंग, ४० स्टॅटिस्टिक्स. दोन तासांत १०० प्रश्न, चुकलं की पाव मार्क जातो. प्रत्येक पेपरला ४० हवेतच, आणि चारही मिळून ५० टक्के.

मी एसपीवाला. मॅथ्सवाली मित्रमंडळी क्रमचय-संचय, कोरिलेशन, निर्देशांक नुसते चाळून पुढे गेली, मी अडीच महिने तेच उगाळत होतो. पहिल्या अटेम्प्टला त्या पेपरात ३८ पडले. दुसऱ्यांदा सुटलो. म्हणजे अडत नाही, पण तेच गणित घाईत आणि क्लासची फी भरून शिकावं लागतं.

जुनी_फाईल
सगळे एसपीला ‘पाठांतर’ म्हणून मोकळे होतात, याचा मला राग येतो. वीस वर्षं सेक्रेटेरियल खात्यात काढली आहेत. बारावीच्या एसपीत शेअर कसे काढतात, डिबेंचर, ठेवी, डिपॉझिटरी, लाभांश, सभासदांना लिहायची पत्रं हे सगळं येतं. ज्याला सीएस (कंपनी सेक्रेटरी) करायचंय, बँकेत किंवा कंपनीच्या ऑफिसात बसायचंय त्याच्या रोजच्या कामाचं आहे. पत्र लिहिता न येणारे ग्रॅज्युएट मी रोज बघते. मार्कही मिळतात हे खरं, पण नीट लिहिणाऱ्याला मिळतात. त्यामुळे ‘मॅथ्स झेपत नाही म्हणून एसपी’ असं मुलीसमोर म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं.

लोकल_९_०७
माझं उलटं झालं, म्हणून लिहिते. मॅथ्स सोडलं, एसपीत ८८ आले, सगळे खूश. बारावीनंतर कळलं की मला कॉम्प्युटरकडे जायचंय. माझ्या वेळी मुंबईत बीएस्सी आयटीला बारावीला गणित मागत होते. कॉमर्सची पोरंसुद्धा मॅथ्सच्या जोरावर तिकडे गेली, मी राहिले. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्सला गणित लागतं. कोलकात्याच्या आयएसआयमध्ये (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) बी.स्टॅटला, म्हणजे संख्याशास्त्राच्या पदवीला, बारावीला गणित आणि इंग्रजी हवं, सायन्सच हवं असं नाही. शेवंतीताईंच्या यजमानांची ‘दारं’ म्हणजे एवढी तीन-चार. सगळी नाहीत. पण सोळाव्या वर्षी आपल्याला कुठून आत जायचंय हे कुणाला माहीत असतं? तुमच्या लेकीचं तर आरजेचं सीए सहा महिन्यांत झालं!

रात्रपाळी
वर मी दोन शब्दांत सांगितलं तेच सगळ्यांनी पानभर लिहिलं 😄

पाढेवाला_मास्तर
नाही हो, जुनी_फाईल यांचं वेगळं आहे आणि बरोबर आहे.

ताई, एक व्यवहाराची गोष्ट राहिली. प्रवेशाच्या फॉर्मवर कॉलेजची पसंती टाकायच्या आधी प्रत्यक्ष जाऊन विचारा, कॉमर्सला गणिताची तुकडी आहे का आणि शिकवायला माणूस आहे का. लहान गावांत पंधरा-वीसच पोरं असतात, मग तास लागतच नाहीत आणि भार क्लासवर पडतो. विषय बदलायचा झाला तर आमच्याकडे पहिल्या काही आठवड्यांत अर्ज घेऊन बदलून देतात, पुढे फार कटकट होते. पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट आहेत. आधी ती उतरवून घ्या.

शेवंती
चार दिवसांनी येतेय, सॉरी. प्रिलिमचे पेपर सापडले. बीजगणितात ४० पैकी ३३, भूमितीत १६! मी आतापर्यंत नुसती बेरीज बघत होते. अर्थनियोजनाच्या धड्यातलं जीएसटीचं गणित तर पूर्ण बरोबर.

लाडवाचं गणित यांनी तिला घातलं. तिने डेरिव्हेटिव्ह वगैरे काही न करता ४५, ५०, ५५ असे भाव घालून बघितले आणि ५० सांगून मोकळी झाली. वर विचारते, ‘डब्याला खर्च किती येतो ते कुठे धरलंय?’ हे गप्प.

कॉलेजात जाऊन आलो. पहिल्या पसंतीच्या कॉलेजात गणिताची तुकडी आहे, पण तास सकाळी ७ ला. घरापासून एसटीने चाळीस मिनिटं. तरी मॅथ्स म्हणतेय, स्वतःहून. ऑगस्टअखेरपर्यंत बघायचं, नाहीच रुचलं तर अर्ज द्यायचा, असं ठरलंय. दीर अजून नाराज आहेत.

पुस्तकं मोबाईलवर उतरवली, पण तिला छापील लागतं. अकरावी कॉमर्स मॅथ्सचे दोन्ही भाग कुणाकडे जुने असतील तर सांगाल का? पोस्टाचा खर्च मी देईन.

लोकल_९_०७
माझ्या भावाचे आहेत. भाग २ ला कव्हर नाही आणि संभाव्यतेच्या धड्यात सगळीकडे क्रिकेटचे स्कोअर लिहिलेत. चालणार असेल तर निरोपात पत्ता टाका.