मदत हवी आहे: रोटॅक्सेनच्या शेवटच्या पायरीत कडे दांड्यावरून निसटते

नमस्कार. मी फोंड्याजवळच्या एका महाविद्यालयात सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. प्रकल्पासाठी रसायनशास्त्रज्ञ सोवाज यांच्या १९८३ च्या पद्धतीने, तांब्याच्या आयनाचा साचा वापरून, कॅटेनेन (एकमेकांत अडकलेल्या कड्यांचा रेणू) करायचे मनात होते. पण शेवटी तांबे काढायला पोटॅशियम सायनाइड लागते हे कळताच सरांनी हात जोडले, आणि ते योग्यच होते. म्हणून रोटॅक्सेन (दोन्ही टोकांना बूच असलेल्या दांड्यात कडे ओवलेला रेणू) करायचे ठरवले आणि हायड्रोजन बंधांचा साचा घेतला: डायबेन्झो-२४-क्राउन-८ हे क्राउन ईथर म्हणजे कडे आणि द्वितीयक अमोनियमचा हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट क्षार हा दांडा. दांड्याच्या एका टोकाला जाड बूच आधीच आहे. दुसऱ्या टोकाच्या अल्काइनवर क्लिक अभिक्रियेने (तांब्याच्या उत्प्रेरकाने अल्काइन आणि अझाइड जोडून ट्रायअझोल बनवून) अझाइड असलेले बूच बसवायचे आहे.

कडे ओवले जाते, याविषयी मला शंका नाही. नुसत्या डायक्लोरोमिथेनमध्ये क्षार तळाशीच राहतो आणि क्राउन ईथर घालताच विरघळतो. एनएमआर वर्णपटातही नायट्रोजनशेजारच्या बेन्झिलिक प्रोटॉनांचे संकेत ४.६ पीपीएमच्या आसपास सरकलेले दिसतात. घोळ होतो तो बूच बसवताना. कॉपर आयोडाइड विरघळेना म्हणून मी थोडे डीएमएफ (डायमिथिलफॉर्ममाइड हे विद्रावक) घातले आणि आम्लारी म्हणून डायआयसोप्रोपिलइथिलअमाइन वापरले. ट्रायअझोल तयार झाले, पण दोन्ही टोकांना बूच असलेला दांडा एकटाच हाती आला आणि क्राउन ईथर जसेच्या तसे परत मिळाले. गाठ मारेपर्यंत मणी दोऱ्यातून गळून गेला होता.

माझा पहिला संशय डीएमएफवर आहे, कारण अमोनियमच्या हायड्रोजनसाठी ते कड्याशी स्पर्धा करते. डायबेन्झिलअमोनियम आणि याच क्राउन ईथरचा बंधन-स्थिरांक (बंधन किती घट्ट आहे याचे माप) क्लोरोफॉर्ममध्ये २७,००० प्रति मोलरच्या आसपास आहे, अॅसिटोनमध्ये तो सुमारे ३६० वर येतो आणि डीएमएसओ या विद्रावकात बंधन जवळजवळ उरतच नाही. दुसरा संशय आम्लारीवर: अमाइनने अमोनियमचा प्रोटॉनच काढून घेतला, तर कड्याला धरून ठेवणारे काही राहत नाही.

दांडा आता जेमतेम ६० मिलिग्रॅम शिल्लक आहे आणि एनएमआरसाठी नमुना बाहेर पाठवावा लागतो, त्यामुळे एकेक बदल स्वतंत्रपणे तपासणे परवडणार नाही. टेट्राकिस(अॅसिटोनायट्राइल)कॉपर हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट हा तांब्याचा क्षार आणि २,६-लुटिडिन ही सौम्य आम्लारी घेऊन सारे काही डायक्लोरोमिथेनमध्येच केले, तर एकाच प्रयत्नात दोन्ही अडचणी टळतील का? गोव्यातल्या या पावसाळी दमट हवेत विद्रावकात शिरणारे पाणी इतक्या प्रमाणात बंध सैल करू शकते का, की रेण्वीय चाळणीवर (पाणी शोषणाऱ्या कणांवर) रात्रभर ठेवलेले विद्रावक पुरेसे होईल? ज्यांनी स्वतः असे बूच बसवले आहे, त्यांनी क्राउन ईथर दांड्याच्या किती सममूल्य (मोलच्या हिशेबात) घेतले होते तेही कृपया सांगावे, मी १.२ घेतले होते.