मदत हवी आहे : कृपा नाकारता येते, मग ‘न नाकारणे’ हे कोणाचे काम?

आमच्या बायबल अभ्यासगटात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही आहेत. फिलिप्पैकरांस पत्र २:१२-१३ वर अडलो आहोत. एका वचनात आपले तारण साधून घ्या म्हटले आहे, पुढच्यातच इच्छा आणि कृती दोन्ही देवच घडवतो असे.

देवाच्या कृपेशिवाय माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो, ही पेलागियसची बाजू नको. ती कार्थेजच्या धर्मसभेने ४१८ मध्येच नाकारली. ऑरेंजच्या ५२९ च्या धर्मसभेचे निर्णय वाचले : विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते. प्राचीन चर्चचा आचार्य ऑगस्टिनही बिशप झाल्यावर लवकरच (साधारण ३९६ मध्ये) याच मताला आला होता, १ करिंथ ४:७ मुळे. ‘जे तुला मिळालेले नाही असे तुझ्याजवळ काय आहे?’ हा प्रश्न मलाही आतून हलवतो. इथवर गटात एकमत आहे.

अडचण पुढची. डॉर्टची प्रोटेस्टंट (कॅल्विनच्या परंपरेतली) सभा (१६१८-१९) म्हणते, तारणासाठी देवाने निवडलेल्यांच्या ठायी देव नवा जन्म घडवतो, तो माणसाच्या होकारावर अवलंबून नसतो. ट्रेंटची कॅथलिक धर्मसभा (१५४७) आणि पुढे मेथडिस्ट चळवळीचा जॉन वेस्ली म्हणतात, कृपा आधी येते, पण माणूस ती नाकारू शकतो. मला हे दुसरे म्हणणे खरे वाटते, कारण येशू यरुशलेमेला ‘तुमची इच्छा नव्हती’ म्हणतो (मत्तय २३:३७).

‘हे रहस्य आहे’ हे उत्तर गटात आधीच देऊन झाले आहे. लॅटिन येत नाही, मराठी किंवा सोपे इंग्रजी चालेल.

दोघांना सारखीच कृपा मिळाली, एकाने नाकारली, दुसऱ्याने नाही. हा फरक माणसाकडून आला म्हटले तर १ करिंथ ४:७ चे काय करायचे? ट्रेंट किंवा वेस्लीच्या परंपरेत याचे थेट उत्तर कोणी, कुठे दिले आहे?