मुंबई–लंडन: प्रीमियम इकॉनॉमीला जादा पैसे घालावेत का?

प्रश्न: आईबाबा कोल्हापुरातून रात्रीच्या बसनं मुंबईला, पुढं लंडन. बाबा सहा फुटी. साध्या आणि बिझनेस क्लासच्या मधला हा वर्ग घ्यावा का?

उत्तर १: घ्या की! साध्या सीटला दोन रांगांमधलं अंतर ३१-३२ इंच, यात साधारण ३८. रुंदीही थोडी जास्त. पण सीट आडवी होत नाही, हे बाबांना आधीच सांगा.

उत्तर २: भावा, पहिली रांग टाळ. ट्रे हाताच्या दांडीत असतो, त्यामुळं दांडी वर होत नाही. टेकऑफला बॅगही पायाशी ठेवू देत नाहीत.

उत्तर ३: साधं तिकीट काढून नंतर बोली लावून अपग्रेड केलं (वरचा वर्ग घेतला) तर सामानाची मर्यादा बऱ्याचदा मूळ तिकिटाचीच राहते. लोणच्याच्या बरण्या नेणार असाल तर आधी विचारा. जायची किंवा यायची एकच बाजू परवडत असेल तर रात्रीचं विमान असलेली घ्या.

प्रश्नकर्ता: परतीचं रात्रीचं आहे. तेवढंच करतो.