मदत हवी आहे: लॅपटॉप डोमेनला जोडले जात नाहीत (तातडीचं)

निळीशाई
मंडळी, कालपासून डोकं पिकलंय. पाच लॅपटॉप ऑफिसच्या डोमेनला (सगळ्यांची खाती आणि पासवर्ड एकाच सर्व्हरवरून सांभाळणारी व्यवस्था) जोडायचे होते. तीन जोडले गेले, दोन काही केल्या ऐकत नाहीत. जोडलेले तिन्ही विंडोज १० आणि अडलेले दोन्ही विंडोज ११. म्हणजे घोळ अकराचाच आहे. सर्व्हर तोच, पासवर्ड तोच. सोमवारी सकाळी माणसं कामाला बसणार आहेत. पुसून दहा टाकू का?

चारओळी
एरर काय येतोय? नुसतं 'ऐकत नाहीत' म्हटल्यावर कोण काय सांगणार? आणि एडिशन कोणती?

निळीशाई
विंडोज ११, वर लिहिलंय की.

पेंग्विनप्रेमी
विंडोजऐवजी उबुंटू लिनक्स टाका आणि मोकळे व्हा. रिअल्मडी आणि एसएसएसडी ही पॅकेजं बसवली की 'रिअल्म जॉइन' आणि पुढे डोमेनचं नाव अशी कमांड द्यायची, तेही त्याच ॲक्टिव्ह डिरेक्टरीला (मायक्रोसॉफ्टची डोमेन चालवणारी सेवा) जोडलं जातं. लायसन्सची कटकट नाही.

स्वाती_म
त्यांनी लिनक्सचं विचारलेलं नाही. निळीशाई, अकरा हे व्हर्जन झालं. एडिशन म्हणजे होम, प्रो, एंटरप्राइझ, एज्युकेशन. स्टार्टमध्ये विनव्हर टाइप करा, जी चौकट उघडेल तिच्यात बारीक अक्षरांत एडिशन लिहिलेली असते. दोन्ही लॅपटॉपवर वेगवेगळं बघा.

आणि दहा अजिबात टाकू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. उलट जोडलेल्या त्या तिघांचीच काळजी करा.

निळीशाई
बघितलं. एकावर होम आहे. तिथे 'डोमेन'समोरचा गोल पुसट आहे, क्लिकच होत नाही. दुसऱ्यावर प्रो आहे! त्यावर नाव टाकलं की जरा थांबून 'डोमेन कंट्रोलरशी संपर्क होऊ शकला नाही' असं येतं. मग प्रो असून काय उपयोग?

स्वाती_म
हे दोन वेगळे आजार आहेत. होम एडिशन डोमेनला जोडता येतच नाही, मग ती दहा असो की अकरा. प्रोची प्रॉडक्ट की घ्या, सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनमध्ये जाऊन बदला. विंडोज नव्याने टाकावी लागत नाही, फाइली जागच्या जागी राहतात. एक रीस्टार्ट होईल, तरी आधी बॅकअप घ्याच.

प्रोवाल्याला मात्र कंट्रोलर, म्हणजे डोमेन चालवणारा तुमचा सर्व्हर, सापडतच नाहीये. डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) काय आहे? कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल टाइप करून सांगा.

जुनाजाणता
एवढा खटाटोप कशाला? पाच मशीनला वर्कग्रुप (डोमेनशिवाय, प्रत्येक मशीनवर स्वतंत्र खाती) पुरतो. आम्ही कित्येक वर्षं तसंच चालवलं.

चारओळी
आणि कोणी सोडून गेलं की पाचही मशीनवर जाऊन पासवर्ड बदलायचे? त्यांचा सर्व्हर उभा आहे, तीन मशीन जोडलेली आहेत.

निळीशाई
डीएनएसला राउटरचा आयपी पत्ता दिसतोय. एक लिहायचं राहिलं, जोडलेले तिघे केबलवर आहेत आणि हा वायफायवर.

स्वाती_म
हेच आधी हवं होतं! लॅपटॉप डोमेनचा पत्ता डीएनएसला विचारतो. कंट्रोलर कुठे आहे याची नोंद तुमच्या सर्व्हरच्या डीएनएसमध्ये आहे, राउटरला त्यातलं काही माहीत नाही. वायफायवर डीएनएस म्हणून सर्व्हरचा आयपी द्या. डोमेनचं नावही पूर्ण टाका, टिंबानंतरच्या भागासकट.

जुनाजाणता
डीएनएसच्या दुसऱ्या रकान्यात आठ-आठ-आठ-आठ (गूगलचा डीएनएस) टाकून ठेवा, सर्व्हर बंद पडला तर इंटरनेट तरी चालेल.

स्वाती_म
नका टाकू. पहिला क्षणभर गप्प बसला की विंडोज दुसऱ्याकडे जातं आणि तिथेच रमतं. मग कंट्रोलर पुन्हा सापडत नाही आणि लॉगिन रखडतं. असे बाहेरचे डीएनएस सर्व्हरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर म्हणून द्यायचे, म्हणजे त्याला माहीत नसलेली नावं तोच पुढे त्यांना विचारतो.

जुनाजाणता
आमच्याकडे कधी अडलं नाही.

चारओळी
माझ्याकडे अडलंय. अर्धा दिवस गेला होता कारण शोधण्यात. स्वातीताईंशी सहमत. घड्याळही बघा, कंट्रोलरच्या वेळेशी ५ मिनिटांहून जास्त फरक असेल तर कर्बेरॉस (डोमेनमध्ये लॉगिनची ओळख पटवणारी पद्धत) हाकलून देतं.

कळफलक
मॅकवाल्यांसाठी: डिरेक्टरी युटिलिटीतून मॅकही डोमेनला बांधता येतो.

निळीशाई
डीएनएस बदलला आणि पहिल्याच फटक्यात जोडला गेला! होमवाल्याची प्रो की मागवतोय.
पण आता त्या लॅपटॉपवर डोमेनच्या नावाने लॉगिन केलं तर डेस्कटॉप रिकामा. सगळ्या फाइली गेल्या का? त्यात वर्षभराचा हिशेब आहे.

स्वाती_म
गेल्या नाहीत, घाबरू नका. डोमेनचा यूजर म्हणजे नवं प्रोफाइल. जुन्या खात्याच्या फाइली सी ड्राइव्हच्या यूजर्स फोल्डरमध्ये जुन्या नावाखाली आहेत. ॲडमिन म्हणून उघडा आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स नव्यात कॉपी करा. कॉपीच करा, हलवू नका. सगळं तपासेपर्यंत जुनं खातं पुसू नका.

निळीशाई
सापडल्या. कॉपी चालू आहे, चाळीस टक्के झालंय.