जुन्या गाडीचे आवाज आणि मीटरमधले दिवे : तुमचे अनुभव लिहा

जुनी गाडी घेतली की थोड्याच दिवसांत एखादा आवाज किंवा मीटरमधला दिवा मागे लागतो. मग एकेक पार्ट बदलत मेकॅनिक मूळ दुखण्यापर्यंत पोचतो, तोवर बिल फुगलेलं असतं. आवाज वळताना येतो की खड्ड्यात, इंजिन गार असताना की तापल्यावर, एवढं नेमकं सांगता आलं तरी निम्मं काम होतं. तुमच्या गाडीत काय झालं, कशावरून कळलं आणि शेवटी काय निघालं, ते लिहा.

सुरुवात मी करते. माझ्या हॅचबॅकमध्ये ७० च्या पुढे सतत घूंऽऽ असा आवाज यायचा. "टायर बदला," असं गॅरेजमध्ये सांगितलं. पण टायरचा आवाज डांबरावरून काँक्रीटवर गेलं की बदलतो, हा बदलत नव्हता. मोकळ्या रस्त्यावर वेग तोच ठेवून गाडी हलकेच दोन्हीकडे वळवून पाहिली. डावीकडे वळली की आवाज वाढायचा, उजवीकडे वळली की जवळजवळ बंद. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. म्हणून पुढचं उजवं चाक जॅकवर उचललं, एका हाताने सस्पेन्शनची स्प्रिंग धरली आणि दुसऱ्याने चाक फिरवलं. स्प्रिंगवरच्या बोटांना खरखर स्पष्ट जाणवली. बेअरिंग गेलं होतं. टायर तेच आहेत अजून.

सांगलीहून
पार्किंगमधून पूर्ण स्टिअरिंग फिरवून निघताना कट-कट-कट. खाली वाकून पाहिलं तर चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं. एक्सलचं रबर बूट (ग्रीस आत ठेवणारं आवरण) फाटून सीव्ही जॉइंटमध्ये, म्हणजे चाक वळलं तरी फिरवत ठेवणाऱ्या सांध्यात, माती गेली होती. बूट फाटल्या फाटल्या बदललं तर स्वस्तात सुटतं. आवाज सुरू झाल्यावर जॉइंट वाचत नाही.

चिपळूणहून
कुंभार्ली घाट उतरताना ब्रेकचा लाल दिवा लागायचा, सपाटीला आलं की विझायचा. "सेन्सर खराब आहे, वायर काढून टाकू," असं एकाने सुचवलं. ब्रेकचा दिवा बंद करून घाट उतरायचा? दुसऱ्या गॅरेजवाल्या काकांनी आधी ब्रेक ऑइलची टाकी पाहिली. ऑइल खालच्या खुणेला टेकलेलं. त्यांनी वरून ऑइल ओतलं नाही, चाकं काढली. पॅड पार झिजलेले. पॅड झिजतात तसे कॅलिपरचे (पॅड दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर येतात, त्यांच्यामागे ऑइल जातं आणि टाकीतली पातळी उतरते. त्यात उतारावर ऑइल एका बाजूला सरकलं की दिवा लागणारच. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबले, तशी पातळी आपोआप वर आली. काका म्हणाले, "गळती असती तर वर आली नसती." तरी त्यांनी सगळे पाइप तपासूनच गाडी दिली.

पुण्याहून
गाडी घ्यायच्या आधीचा अनुभव चालेल ना? मी गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा ब्लूटूथ स्कॅनर घेऊनच गेलो होतो. दिवा नाही, कोड नाही. पण रेडिनेसच्या पानावर, म्हणजे गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या घेते त्यांच्या यादीत, बहुतेक चाचण्या अपूर्ण दिसल्या. कोड पुसले किंवा बॅटरी काढली की हे होतं, गाडी काही दिवस चालली की त्या पूर्ण होतात. मालक म्हणाले, बॅटरीला हात लावलेला नाही. "आठवडाभर वापरा, मग बघू," म्हटलं. पुन्हा गेलो तेव्हा पी०४२० आलेला होता. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपमधला, धूर स्वच्छ करणारा भाग) नीट काम करत नसल्याचा हा कोड. कधी सेन्सर किंवा सायलेन्सरची गळतीही निघते, पण त्या भावात मी ती जोखीम घेतली नाही.

रत्नागिरीहून
चेक इंजिनचा दिवा नुसता लागून राहिला तर गॅरेजपर्यंत जाता येतं. लुकलुकायला लागला तर गाडी बाजूला घ्या. इंजिन मिसफायर होऊन न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जात असतं. आमच्याकडे पावसाळ्यात उंदराने इग्निशन कॉइलची वायर कुरतडली होती.

नागपूरहून
माझं अजून सुटलेलं नाही. सकाळी इंजिन गार असताना सुरू केलं की दोन-तीन सेकंद खडखड, मग दिवसभर काही नाही. ऑइल नुकतंच बदललंय. इंजिनातल्या टायमिंग चेनला ताणून धरणारा टेन्शनर असेल का? कव्हर उघडण्याआधी काही तपासता येतं का, कुणी पाहिलं असेल तर कृपया सांगा.