ऑइल फिल्टर: कंपनीचा की निम्म्या किमतीचा?

माझी डिझेल बोलेरो दारव्हा तालुक्यातील मातीच्या रस्त्यांवर चालते. कंपनीचा ऑइल फिल्टर यवतमाळहून आणावा लागतो. जवळच्या दुकानातला निम्म्या किमतीत पडतो. दोन्ही जुने फिल्टर कापून पाहिले, तेव्हा स्वस्त फिल्टरमधील कागदाच्या घड्या विरळ दिसल्या आणि इंजिन बंद असताना तेल खाली उतरू न देणारी रबरी झडप बोटाने दबेनाशी कडक झालेली होती. तो बसवलेला असताना सकाळी इंजिन सुरू केल्यावर ऑइलचा दाब कमी असल्याचे दाखवणारा दिवाही उशिरा विझत असे. ऑइलचा ग्रेड पुस्तिकेप्रमाणेच आहे, पातळी बरोबर आहे, गळती नाही. धूळ अडवणे हे मुळात एअर फिल्टरचे काम, तोही वेळेवर बदलतो. बायपास झडप (फिल्टर तुंबल्यास तेल न गाळताच इंजिनाकडे जाऊ देणारी) किती दाबाला उघडते हे खोक्यावर छापलेले नसताना, न कापता फिल्टरचा दर्जा कशावरून ओळखावा, आणि दुप्पट किंमत इंजिनाच्या आयुष्यातून खरोखर वसूल होते का?