जुना कॉम्प्युटर एकही रुपया न घालता फास्ट केलाय का? अनुभव सांगा

आमच्याकडे २०१६ चा लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम, विंडोज १०, साधी हार्ड डिस्क. बाबा त्यावर सोसायटीचे हिशोब ठेवतात, बहिणीचं कॉलेजचं काम पण त्यावरच. चालू केला की दहा मिनिटं नुसता गोल फिरत बसतो. दुकानात एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क) आणि जास्तीची रॅम टाका म्हणाले, पण या महिन्यात ते जमणार नाहीये. पैसे न घालता तुम्ही काय केलंत, आणि फरक पडला का? नसेल पडला तरी लिहा, तेही उपयोगाचं आहे.

*

कंट्रोल शिफ्ट एस्केप दाब, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात स्टार्टअप बघ. माझ्याकडे प्रिंटरचं काहीतरी, मीटिंगची दोन अ‍ॅप्स, गाण्यांचं एक, आणि कधी टाकलं तेच आठवत नाही असा एक डाऊनलोडर, सगळे विंडोजबरोबरच उठायचे. सगळ्यांना डिसेबल केलं. अ‍ॅप उडत नाही त्याने, लागेल तेव्हा आपण उघडतोच की. आणि अँटीव्हायरस दोन ठेवू नकोस, विंडोजचा डिफेंडर आहे तो पुरतो घरच्या वापराला.

*

मी कित्येक वर्षं रोज रात्री शटडाऊन करायचो आणि मला वाटायचं सकाळी सगळं कोरं सुरू होतंय. तसं नसतं. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलंय, त्यात बंद करताना सिस्टिमचा मूळ भाग डिस्कवर जपून ठेवतात आणि सकाळी तोच परत उचलतात, म्हणून अडकलेलं काही असेल तर ते तसंच राहू शकतं. रीस्टार्ट केलं की मात्र खरंच पहिल्यापासून सुरू होतं. आता दर सोमवारी ऑफिसला हिंजवडीला निघायच्या आधी रीस्टार्ट मारतो, बास.

*

रॅम साफ करणारी फुकट सॉफ्टवेअर घेऊ नका, कळकळीने सांगतेय. मी घेतलं होतं, आकडा खाली यायचा आणि छान वाटायचं, पण ते चालू प्रोग्रॅमचं सामान रॅममधून हाकलतं आणि आपण परत त्या प्रोग्रॅमवर गेलो की तेच डिस्कवरून आणावं लागतं, म्हणजे उलट जास्त अडकतं. रॅम थोडी भरलेली असणं वाईट नाही. त्यापेक्षा क्रोमच्या सेटिंगमधे मेमरी सेव्हर चालू करा, न वापरलेले टॅब तो झोपवतो. मला वीस-पंचवीस टॅब उघडे ठेवायची सवय आहे, मला सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला.

*

अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपीचं काम करते. व्हिज्युअल इफेक्ट्स बंद करा असं सगळे सांगतात, बरोबरच आहे, पण 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडल्यावर अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी खूणही जाते आणि मराठी जोडाक्षरं अशी खरबरीत दिसायला लागतात की डोळे दुखतात. तेवढी एक खूण परत लावा, बाकी सगळं जाऊ दे.

*

सिंहगड रोडला राहतो, धूळ भरपूर. लॅपटॉप गरम झाला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो हे मला माहीतच नव्हतं. खालचं झाकण काढून पंख्यातली धूळ मऊ ब्रशने काढली, आधी बॅटरी सोडवून. दुपारी हळू व्हायचा ते थांबलं.

*

आमच्या १० वर्षं जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाकली, त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, काही पुसलं जात नाही, फक्त पेनड्राइव्ह स्लो असेल तर तेही स्लो वाटणार. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपलाय, त्यामुळे विचार करायलाच हवा. पण बाबांचे हिशोब एखाद्या विंडोजच्याच सॉफ्टवेअरमधे असतील तर घाई नको, आम्ही तिथेच अडकलो होतो.

*

धागा काढणारा परत. स्टार्टअपमधली नऊ अ‍ॅप्स बंद केली, दहाची चार मिनिटं झाली! पण टास्क मॅनेजरमधे काहीही उघडलेलं नसताना डिस्क १०० टक्के दिसत होती, म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून बघितलं तर त्यात पिवळं, 'कॉशन'. म्हणजे डिस्कच जायला आलीये. बाकी सगळं ठेवलं बाजूला, आधी हिशोबाच्या फायली आणि आजीचे फोटो काकांच्या हार्ड डिस्कवर टाकतोय, साठ जीबी आहेत, अर्धे झालेत.